ट्रॅक बंद झाला आणि चौघं गायला लागले

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं लेकीच्या शेजारीणबाईंबरोबर त्यांच्या देवळात गेलो. (आम्ही नगरची जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो.) लेक अमेरिकेत टेनेसी राज्यात असते, नॅशव्हिलपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. छोटं गाव, शंभरेक माणसं मावतील एवढं बॅप्टिस्ट देऊळ, बाहेर पाटी: आज सहा वाजता क्वार्टेट सिंगिंग. तिकीट नव्हतं. मध्यंतरात ताट फिरतं, त्यात ज्याने त्याने मनाप्रमाणे टाकायचं. तेवढ्यावर ही मंडळी गावोगाव फिरतात, आणि दाराशी टेबल मांडून सीड्या विकतात.

क्वार्टेट म्हणजे चार आवाज: टेनर, लीड, बॅरिटोन, बेस. मूळ चाल लीडकडे असते आणि टेनर तिच्याही वर गातो. म्हणजे कानाला आधी लागणारा आवाज चालीचा नसतोच. बॅरिटोनच्या वाट्याला बाकीच्यांकडून उरलेला स्वर येतो. तो एकट्याने गाऊन दाखवला तर चाल म्हणून ओळखूही येणार नाही, पण तो गप्प बसला की सगळं पोकळ वाटतं. आणि खाली बेस. मी नगरच्या गायकमंडळात चाळीस वर्षं बेस गायलो, त्यामुळे माझा कान आपोआप तिकडेच जातो.

पहिला अर्धा तास मी नाराज होतो. चौघंही चांगले गात होते, पण मागे रेकॉर्ड केलेला ट्रॅक वाजत होता. ड्रम, व्हायोलिनांचा ताफा, मधूनच कोरसचे जास्तीचे आवाज. इतके आवाज, आणि समोर माणसं चार. हल्ली तिकडे ही सर्रास पद्धत आहे. पियानोवाल्याला बरोबर न्यायचं तर पाचव्या माणसाचा खर्च, तो कुठून काढणार? अडचण मला कळते. तरी मला ते पटत नाही. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. एखाद्या ओळीवर समोरच्या म्हातारीचे डोळे भरून आले तर ती ओळ परत घ्यावी, हे त्याला कळत नाही.

मध्यंतरानंतर दुसऱ्या बाकावरच्या एक आजी उठल्या. नव्वदीच्या असाव्यात. त्यांनी एक जुनं गीत मागितलं. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं, कारण त्याचा ट्रॅक त्यांच्याकडे नव्हता. तेव्हा पाळकीणबाई पुढे येऊन पियानोवर बसल्या, आणि चौघं दोन पावलं आत सरकले, खांद्याला खांदा लागेल एवढे. मघाशी ते आमच्याकडे बघत होते, आता एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

लीडने पहिला शब्द धरला आणि बाकीचे तिघं त्याच्या श्वासावर आले. बेसवाल्याने डावा तळहात कानाशी धरला होता. धृपदाला वरचे तिघं एका शब्दावर थांबतात आणि खाली बेस एकटा जिना उतरल्यासारखा एकेक पायरी खाली जातो. शेवटच्या पायरीला बाकाचं लाकूड माझ्या मांडीखाली थरथरलं. टेनर एवढा हळू गात होता की बॅरिटोनचा तो उरलेला स्वर पहिल्यांदाच नीट ऐकू आला. आजींनी बोट वर केलं, पुन्हा. त्यांनी धृपद पुन्हा घेतलं. असं चार वेळा झालं, आणि चौथ्यांदा सगळं देऊळ गात होतं. नुसती चाल नाही, आपापला आवाज धरून. मागच्या बाकावरचा शेतकरी दिसणारा माणूस बेस गात होता, त्याची बायको अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज. कुणी सांगितलं नव्हतं.

हे यांना येतं कसं, हे मी नंतर आजींनाच विचारलं. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढलं, डॅलसच्या स्टॅम्प्स-बॅक्स्टर कंपनीचं, पातळ कागदी बांधणीचं, कोपरे झिजलेलं. आतल्या स्वरांना आकार होते. डो म्हणजे त्रिकोण, मी म्हणजे चौकट, सोल गोल, ला चौकोन. पट्टी कुठलीही असो, डो त्रिकोणच. आपला सा जसा कुठल्याही पट्टीत सा. सात आकारांची ही पद्धत १८४६ साली जेसी एकिन यांच्या पुस्तकात आली आणि अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांत रुजली. गाणं शिकवणारे मास्तर गावात यायचे, दिवसभर वर्ग चालायचा, आणि कापूस वेचणाऱ्या घरांतली पोरं पंधरा दिवसांत स्वर वाचायला शिकायची. आजी लहानपणी अशाच वर्गाला बसल्या होत्या. मला पुस्तक दाखवताना त्यांनी एक ओळ बोटाने आकारांवरून गाऊन दाखवली, आधी डो-मी-सोल आणि मग शब्द.

क्वार्टेटची सुरुवातही याच पुस्तकांपासून झाली. टेनेसीतल्याच लॉरेन्सबर्गचे जेम्स वॉन गीतांची पुस्तकं छापायचे. ती खपावीत म्हणून त्यांनी १९१० साली चार गाणाऱ्यांना पगार देऊन गावोगाव पाठवलं. लोकांनी ऐकावं, पुस्तक घ्यावं, घरी जाऊन स्वतः गावं, असा बेत. चौघांचं गाणं हे लोकांना गायला लावण्यासाठी होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पुढे ते मोठं झालं. १९४८ पासून नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात रात्र-रात्रभर ही गाणी चालायची. १९५७ साली मेम्फिसला क्वार्टेटवाल्यांचं पहिलं राष्ट्रीय संमेलन भरलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. त्या देवळात आम्ही दोघं सोडलो तर सगळी गोरी माणसं होती. याच नॅशव्हिलमधून १८७१ साली फिस्क ज्युबिली सिंगर्स बाहेर पडले. बहुतेक स्वतः गुलामगिरीतून सुटलेली ती मुलंमुली, आपल्या कॉलेजसाठी पैसे जमवायला गात निघाली. काळ्यांच्या क्वार्टेटची परंपरा तितकीच जुनी आणि तितकीच थोर, आणि गोऱ्यांच्या क्वार्टेटांनी तिच्याकडून पुष्कळ घेतलं. तरी वर्णभेदाच्या काळात गावं वेगळी, सभागृहं वेगळी, श्रोते वेगळे. एकाच प्रभूची गाणी आणि बाकं मात्र निराळी. आपल्याकडेही पाणवठे निराळे होते आणि देवळात आल्यावरही ते सगळं लगेच सुटलं नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हे बोलल्याशिवाय मला या संध्याकाळचं कौतुक करवत नाही.

आता आपल्या मंडळ्यांबद्दल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांतून आणि भजनांतून आपल्याला आपली वाणी दिली, आणि अमेरिकन मराठी मिशनकडून इंग्रजी चालीची गीतंही आली. 'उपासना संगीत' या आपल्या गीतांच्या पुस्तकात दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. माझ्या लहानपणी इंग्रजी चालीची गीतं आम्ही चार आवाजांत गायचो. गायकमंडळाचे मास्तर टॉनिक सोल-फा, म्हणजे डो-रे-मीची अक्षरं, फळ्यावर लिहायचे आणि चुकलं की पट्टीने टेबलावर ताल द्यायचे. आज कीबोर्डमध्ये तयार ठेका लावतात, स्पीकर मोठा करतात, आणि मंडळी तोंड हलवत उभी राहते. पोरांना आवाज नाही असं कुणी म्हणू नका. आवाज आहे, शिकवणारं कुणी राहिलं नाही. भजनालाही तेच लागू आहे. टाळ-मृदंगाच्या जागी पेन ड्राइव्ह आला की मागे धरणारे गप्प होतात.

पाळकसाहेबांना आणि गायकमंडळांना हात जोडून विनंती आहे, महिन्यातून एका रविवारी तरी प्लग काढा. एक गीत नुसत्या गळ्याने गा. पहिल्या दोन वेळा ते फाटेल. फाटू द्या.

पुढच्या महिन्यात आम्ही नगरला परत येतोय. ज्यांना खालचा आवाज किंवा तो मधला, उरलेला स्वर शिकायचा असेल त्यांनी मला निरोप द्या. उपासनेनंतर अर्धा तास थांबू. फळा मी घेऊन येतो.