आमची बिल्डिंग पुण्यात राहते

हवालदाराने स्कूटर बाजूला घ्यायला लावली तेव्हा माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, खिशात लायसन्स होतं आणि पीयूसी आदल्याच आठवड्यात काढलेली होती. असा निर्दोष माणूस घोडबंदर रोडला वरचेवर दिसत नाही. त्यामुळे मी अगदी निवांत उभा होतो. साहेबांनी गाडीला पुढून एक, मागून एक अशी प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "गाडी नक्की कुठली?"

"इथलीच. मानपाड्याची."

"मग पुढे एमएच-०४ आणि मागे एमएच-१२?"

मी वाकून पाहिलं. मागच्या नंबर प्लेटवर कुणीतरी अतिशय निगुतीने पुण्याची प्लेट चिकटवली होती. अक्षरं सुबक, थोडा चिखलही रंगवलेला. चोरसुद्धा एवढं मन लावून काम करत नाहीत.

"साहेब, आमच्या बिल्डिंगमध्ये शूटिंग चालू आहे. बिल्डिंग पुण्यातली दाखवलीय. मागे उभ्या असलेल्या गाड्या ठाण्याच्या दिसू नयेत म्हणून..."

माझं मलाच हे खोटं वाटायला लागलं. साहेबांनी नखाने कोपरा उचकटला, खालून एमएच-०४ बाहेर आलं. त्यांनी मालिकेचं नाव विचारलं. मी सांगितलं. पुढचं सगळं संभाषण त्या घरातली धाकटी सून माहेराहून परत येणार की नाही, यावर झालं. त्यांच्या घरी रोज रात्री वाद होतात म्हणे. मला आतली काहीच बातमी नव्हती, पण "येणार" असं ठोकून दिलं आणि सुटलो.

या सगळ्याची सुरुवात 'रेकी'ने झाली. चार पोरं एके दिवशी कंपाउंडमध्ये येऊन मोबाइल आडवे धरून फिरायला लागली, तेव्हा वॉचमनला वाटलं इस्टेट एजंट आहेत. ते लोकेशन शोधत होते. आमची चार मजली, लिफ्ट नसलेली, रंग उडालेली, दारात चाफा असलेली बिल्डिंग पाहून त्यांच्यातल्या एकाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "काका, असं मिडलक्लास आता कुठे मिळतच नाही हो," तो म्हणाला. हे कौतुक समजायचं की अपमान, हे मी अजून ठरवलेलं नाही. आजूबाजूला सगळे पस्तीस-चाळीस मजली टॉवर झाले, आमचंच रीडेव्हलपमेंट दोन भावांच्या सहीवाचून अडलेलं. म्हणजे आमचं दुर्दैव त्यांच्या फ्रेममध्ये नीट बसत होतं.

पुणं दाखवायचंय तर पुण्याला का जात नाही, असं मी विचारलं. तर म्हणाला, साठ-सत्तर माणसांचं युनिट पुण्याला न्यायचं तर राहणं, खाणं, प्रवास. शिवाय निम्मे आर्टिस्ट ठाण्यातच राहतात, आणि मालिकेचा घरातला सेट इथेच घोडबंदर रोडला लागलाय. आमच्याकडे फक्त बाहेरचं. गेट, पार्किंग, जिन्याचं तोंड, झालंच तर पहिल्या मजल्याची बाल्कनी.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला पैसे निघतील एवढं एकच वाक्य सेक्रेटरी बोलले. ठराव एकमताने पास झाला. आमच्या सोसायटीत एकमत नावाची गोष्ट त्याआधी घडल्याचं कुणाला आठवत नाही.

पहिल्याच दिवशी गेटवरची पाटी गेली. तिथे आलं 'मोरेश्वर अपार्टमेंट, सदाशिव पेठ, पुणे ३०'. संध्याकाळी मी कामावरून आलो तर कुरिअरवाला पाटीखाली उभा राहून फोनवर मला सांगत होता, "तुमचा पत्ता चुकीचा आहे." मी त्याच्यासमोर उभा होतो. पण लेखी पुराव्यापुढे माझं काय चालणार? पार्सल परत गेलं. त्यात बायकोचं औषध होतं, त्यामुळे त्या रात्री घरात झालेल्या प्रसंगालाही खरं तर कॅमेरा लावायला हवा होता.

मग कुकर. मालिकेत संवाद जागेवरच रेकॉर्ड होतात, हे मला कुकरमुळे कळलं. तिसरी शिट्टी झाली आणि दारावर एक पोरगा हजर. "काकू, जरा गॅस बंद करता का? बाईंचा रडायचा सीन आहे." हिने गॅस बंद केला. सीन संपल्यावर चालू केला, तर परत पोरगा. रीटेक. त्या दिवशी तुरीची डाळ पाच हप्त्यांत शिजली. शेवटी ते 'रूम टोन' घेतात, म्हणजे अर्धा मिनिट कुणी काही बोलायचं नाही आणि जागेचा नुसता आवाज टिपायचा, म्हणजे पुढे जोडाजोड करताना कामी येतो. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्धा मिनिट शांतता! तळमजल्यावरच्या आजोबांनी त्या अर्ध्या मिनिटात तीन वेळा "कोण मेलं?" विचारलं.

पण खरी मजा पावसाची. एप्रिल महिना. आमच्याकडे पाण्याची बोंब. सोसायटीने सकाळी अकराला सांगितलेला टँकर पाचला येतो आणि त्याच्या स्वागताला सेक्रेटरी खाली उभे असतात. यांचा टँकर सकाळी सातला आला. पाऊस पाडायला! गच्चीच्या कठड्यावर पाइप घेऊन दोघं बसले आणि ॲक्शन म्हटल्यावर आमच्या ए विंगवर धो धो पाऊस सुरू झाला. बी विंगवर कडक ऊन, कारण ती फ्रेममध्ये नव्हती. नायिका छत्री विसरून भिजत होती आणि पाइपखालच्या बाल्कन्यांतून हळूहळू बादल्या, पिंपं, एक बाळाचा टब असं सगळं बाहेर येत होतं. डिरेक्टर ओरडला, "कट! ती लाल बादली कोणाची?" कुणीच कबूल होईना. मी आयुष्यात एवढी निष्पाप बाल्कनी पाहिली नाही.

या गडबडीत गच्चीवर आमच्या कुरडया वाळत होत्या, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन दिवस भिजवलेले गहू, वाटणं, चीक शिजवणं, पहाटे उठून सोऱ्याने घालणं. ही वर गेली तेव्हा प्लास्टिकच्या कागदावर कुरडयांचा परत चीक झालेला होता. प्रॉडक्शनवाल्याने नुकसानभरपाई म्हणून पाकिटातल्या कुरडया आणून दिल्या. माझी बायको त्या पाकिटाकडे ज्या नजरेने बघत होती, तो क्लोजअप त्या नायिकेला आणखी दहा वर्षं जमणार नाही.

मालिका गाजायला लागली आणि सांगलीहून आत्याचा फोन आला, "बाळ्या, येतेय मी." मी बावन्न वर्षांचा आहे. आत्या यापूर्वी तीनदा आमच्याकडे येऊन गेलेली, पण या वेळी ती आमच्याकडे नव्हे, मालिकेतल्या घरी येत होती. रिक्षातून उतरल्यावर तिने गेटला हात लावून नमस्कार केला. चाफ्याखाली उभी राहून फोटो काढून घेतला. जिना चढून आमच्या दारात आली, आत डोकावली आणि तिचा चेहरा पडला.

"लाकडी जिना कुठंय रे? हॉलमधला?"

"आत्या, साडेपाचशे फुटांचं घर आहे. जिना चढून जायचं कुठे?"

"आणि झोपाळा?"

मी समजावून सांगितलं, की बाहेरून आमची बिल्डिंग दाखवतात, दार उघडलं की माणूस थेट दुसरीकडच्या सेटवर जातो. माझी मुलगी मदतीला आली. म्हणाली, 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेतली मित्रमंडळी न्यूयॉर्कला बेडफर्ड स्ट्रीटवरच्या ज्या बिल्डिंगमध्ये राहतात म्हणून लोक फोटो काढायला जातात, तिथे फक्त बाहेरचा भाग दिसतो. शूटिंग सगळं पार तिकडे कॅलिफोर्नियात, बरबँकच्या स्टुडिओत. आत्याला फ्रेंड्सशी कर्तव्य नव्हतं. तेव्हा मी 'शोले'वर आलो. उत्तरेतलं वाटणारं रामगड म्हणजे बंगळुरूजवळचं रामनगर, आणि ते गाव खडकांत उभं केलं आपल्या राम येडेकरांनी. रामानंद सागरांच्या 'रामायणा'तली अयोध्या गुजरातेत उंबरगावला. 'गंगाजल'मधला बिहार म्हणजे आपली वाई.

इथे मात्र आत्या ताठ झाली. "वाई? म्हणजे ती गंगा नव्हे?"

"कृष्णा."

"आमची?" कृष्णाकाठी जन्म काढलेल्या बाईला आपल्या नदीने परस्पर दुसऱ्याच नावाने काम केल्याचं कळल्यावर जे वाटायचं ते वाटलं. थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "पैसे मिळाले असतील का काही तिला?"

काहीतरी खरं लोकेशन दाखवल्याशिवाय ही शांत व्हायची नाही, म्हणून रविवारी तिला गाडीत घालून निघालो. सावंतवाडीजवळच्या आकेरीला, 'रात्रीस खेळ चाले'च्या वाड्यावर जाऊ म्हणत होती. तो मोह आवरायला लावला आणि पनवेलच्या पुढे रोह्याच्या रेल्वेमार्गावर आपटा स्टेशन आहे तिथे नेलं. १९९५ सालच्या 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा शेवट इथला. धावती गाडी, दारात उभा शाहरुख, बापाने सोडलेला मुलीचा हात. आख्ख्या देशाने ज्याला पंजाबातलं स्टेशन समजून डोळे पुसले, ते रायगड जिल्ह्यातलं. मोहरीची शेतंसुद्धा पंजाबची नव्हेत, गुडगावकडची.

स्टेशनात शुकशुकाट होता. एक कुत्रा, डोंगर, फलाटावर भाजीच्या दोन पाट्या घेऊन बसलेली बाई आणि पिवळ्या पाटीवर ठळक अक्षरांत आपटा. आत्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली. मला वाटलं, आता परत जिन्यासारखा चेहरा पडणार.

"इथं धावली ती?"

"इथंच."

आत्याने पदर खोचला आणि गुडघेदुखी विसरून सहा-सात पावलं चक्क धावली, हात पुढे करून. भाजीवालीने सरावल्यासारखं पाहिलं आणि पाटी जरा आत ओढून घेतली. परतताना मी म्हटलं, "शेवटी पंजाब खोटाच निघाला की गं." तर म्हणाली, "दसऱ्याला आपट्याचं पान देऊन सोनं म्हणतोस ना? मग आपट्याच्या स्टेशनाला पंजाब म्हणायला काय होतंय?" यावर मला आजवर उत्तर सुचलेलं नाही.

पुढे शूटिंग संपलं. पाटी गेली, व्हॅनिटी गेली, चहाचा स्टोव्ह गेला. राहिलं ते तुळशीवृंदावन. थर्माकोलचं, वरून प्लास्टर, त्यात प्लास्टिकची तुळस. धाकटी सून रोज तिथे दिवा लावायची. आता शनिवार-रविवारी कुठून कुठून बायका येतात, हळदकुंकू वाहतात, दिवा लावतात. थर्माकोलजवळ दिवा म्हणून सेक्रेटरींना रात्री झोप नाही. अमेरिकेत अल्बुकर्कीला 'ब्रेकिंग बॅड'च्या घरमालकांनी तर म्हणे कुंपणच घातलं, कारण लोक मालिकेतल्यासारखे त्यांच्या छपरावर पिझ्झा फेकायचे. त्या मानाने आमचे लोक सुसंस्कृत. पण वृंदावन हलवायचं कुणी? कचरा उचलणाऱ्याने हात लावला नाही. "तुळस आहे, साहेब." प्लास्टिकची आहे म्हटलं, तर म्हणाला, "पण दिवा लावलाय ना?" सध्या वॉचमन त्या तुळशीला रोज पाणीही घालतो. टँकरचं.

मालिकेत मीही आहे. दोन सेकंद, पाठमोरा. शॉट चालू असताना मला गेटवर अडवायचं राहून गेलं आणि मी हातात दुधाच्या पिशव्या घेऊन सरळ फ्रेममधून चालत गेलो. डिरेक्टरला ते फारच नैसर्गिक वाटलं. त्याने ठेवलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण परवा रात्री साडेदहाला कराडहून मामेभावाचा फोन आला. आवाजात नेहमीचा गोडवा नव्हता.

"पुण्याला बदली झाली वाटतं? सदाशिव पेठेत राहतोस म्हणे. वहिनींनी आत्ता टीव्हीवर बघितलं. कराडपासून तीन तासांवर येऊन राहिलास आणि एक फोन करवला नाही?"

मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो. रेकी, पाटी, सेट, शोले, रामनगर.

"हे बघ," तो म्हणाला, "यायचं नसेल तर नको येऊस. पण थापा मारू नकोस. गाडीपण पुण्याची घेतलीस, मागं उभी होती."