सिंक म्हणजे बॅकअप नव्हे: संस्थांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी मावशी पुण्यात नारायण पेठेतल्या एका छोट्या विश्वस्त संस्थेची खजिनदार आहे. 'लहान संस्थांनी ऑनलाइन बॅकअपच्या नावाखाली चाललेली लूट थांबवावी' हा लांबलचक मेसेज तिच्या ग्रुपवर आला आणि लगेच बॅकअपचं सबस्क्रिप्शन बंद करायचा विषय बैठकीच्या अजेंड्यावरही आला. असले मेसेज मी एरवी सोडून देतो. हा सोडणार नाही.

'गुगल ड्राइव्हला फोल्डर सिंक करा, झाला बॅकअप.'

अख्ख्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. सिंकचं काम एकच: इथे जे झालं तेच तिथे करायचं. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कुणी पावत्यांचा फोल्डर चुकून उडवला की तो ड्राइव्हवरूनही उडतो. ट्रॅशमध्ये जातो हे खरं, पण ३० दिवसांनी तिथूनही आपोआप कायमचा जातो. मार्चमध्ये उडालेल्या पावत्या संस्थेला कधी आठवतात? जुलैत ऑडिटर मागतो तेव्हा! रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस, शिरलं तर कुलूप लागलेल्या फाइली तशाच वर चढतात आणि धड फाइलींची जागा घेतात. एक्सेल, पीडीएफ अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या मिळतात, पण त्यांनाही साधारण ३० दिवसांचीच मुदत. टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, तर आणखी वेगळं. टॅली चालू असताना तिचा डेटा फोल्डर सिंक होत राहिला तर अर्धवट लिहिलेल्या फाइली वर जाऊ शकतात. आधी टॅलीतूनच बॅकअप काढायचा आणि ती फाइल वर पाठवायची.

म्हणून सेवा घेताना आधी किंमत विचारू नका. पुसलेली फाइल किती दिवस सांभाळता, हे विचारा. उत्तर वर्षाच्या आत असेल तर आपल्या ऑडिटच्या चक्राला ती सेवा पुरणार नाही.

'शिवाय एक हार्ड डिस्क ऑफिसच्या कपाटात ठेवा.'

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा घराघरांत शिरला. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी भरलं. तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच खोलीतलं कपाट एकाच पाण्यात जातं. डिस्क जरूर ठेवा, पण दुसऱ्या विश्वस्ताच्या घरी, आणि कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवू नका.

'हिशेब परदेशी सर्व्हरवर ठेवणं बेकायदा आहे.'

हे लिहिणाऱ्याने नियम वाचलेला नाही. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मधला नियम ३(५), ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीसह, सांगतो की इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवला पाहिजे. परदेशात आणखी एक प्रत ठेवायला त्यात मनाई नाही. शिवाय हा नियम कंपन्यांसाठी आहे. कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी म्हणून नोंदलेली संस्था त्यात येते, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला सार्वजनिक न्यास येत नाही. तरीही एवढं मान्य करतो: देणगीदारांचे पॅन आपल्या हाती असताना भारतातलं डेटा सेंटर निवडलेलं बरं. फक्त शहर विचारून घ्या. मायक्रोसॉफ्टच्या अॅझ्युर या क्लाउड सेवेचं 'सेंट्रल इंडिया' केंद्र पुण्यातच आहे, आणि पुरासारख्या संकटात वाचावी म्हणून आपल्याला तर प्रत पुण्याबाहेर हवी आहे.

'क्लाउडही जळतं.'

जळतं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरची एक इमारत जळून गेली आणि काही ग्राहकांचे बॅकअपही तिथेच असल्याने तेही गेले. पण यातून निघतं ते एवढंच, की सगळ्या प्रती एका जागी नकोत. ऑनलाइन बॅकअप बंद करा, हे यातून कसं निघतं?

बैठकीत हात वर करण्याआधी विश्वस्तांनी एक काम करावं. गेल्या वर्षीचा टॅलीचा बॅकअप त्या सेवेतून दुसऱ्याच कॉम्प्युटरवर उतरवावा, उघडावा आणि ३१ मार्चची बँक शिल्लक ताळेबंदाशी जुळते का ते पाहावं. एन्क्रिप्शनची किल्ली (बॅकअपमधल्या फाइली उघडायचा पासवर्ड) संस्थेनेच ठेवायची अशी सोय घेतली असेल, तर ती हरवल्यावर सेवा देणाऱ्या कंपनीलाही फाइली उघडता येत नाहीत. ती कागदावर लिहून दोन विश्वस्तांकडे द्या. आणि पहिल्या अपलोडला घाबरू नका: २०० जीबी डेटा १० एमबीपीएसच्या अपलोडने चढायला साधारण ४४ तास लागतात. शनिवारी दुपारी लावला तर सोमवारी सकाळपर्यंत होतो, पुढे फक्त बदललेलंच जातं.