मिसळीला दोष देण्याआधी

आमच्या ठाण्यात कुणाचे पोट बिघडले की पहिला आळ मामलेदारच्या मिसळीवर येतो. माझी आई कित्येक वर्षांत मिसळीच्या वाटेला गेलेली नव्हती, तरीही गेल्या पावसाळ्यात तिच्या जठरात अल्सर निघाला, आणि तोही एकदासुद्धा पोट धड न दुखता.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन जिने चढून तिचे गुडघे दुखत, म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पट्टी चिठ्ठीशिवाय येई, आणि जळजळ झालीच तर थंड दूध. पुढे ती प्रत्येक जिन्यावर धापा टाकत बसू लागली. ते आम्ही वयावर ढकलले. शौचाला काळे होते असे तिने एकदा सांगितले होते, पण रक्तवाढीच्या गोळ्या सुरू असल्यामुळे तेही आम्ही त्या गोळ्यांच्या खात्यावर टाकून मोकळे झालो. लोहाच्या गोळ्यांनी मल काळपट होतो हे खरेच आहे. मात्र डांबरासारखा काळा, चिकट आणि उग्र वासाचा मल म्हणजे वर कुठेतरी रक्त झिरपते आहे, हा फरक हिमोग्लोबिन ७ पर्यंत घसरल्यावर आम्हाला समजला. असे दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

जठरातल्या आम्लापासून आतल्या अस्तराचे रक्षण करणारा बुळबुळीत थर प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे टिकतो, आणि डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या दुखणे थांबवताना नेमकी हीच द्रव्ये कमी करतात. हा परिणाम रक्तावाटे होत असल्याने ‘जेवणानंतर घेतली की बाधत नाही’ हा समज अपुरा आहे. इंजेक्शननेही तेच होऊ शकते. वयस्कर माणसांत तर दुखण्याआधीच रक्तस्राव सुरू होऊ शकतो.

दुर्बिणीच्या तपासणीत डॉक्टरांनी अस्तराचे तुकडे काढले, त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही सापडला. अल्सर म्हणजे तिखट आणि टेन्शन, ही समजूत १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवल्यापासून ढासळू लागली. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. दोघांना २००५ चे नोबेल मिळाले, तरी आमच्या नातेवाइकांचा रोख अजून लोणच्यावरच आहे.

माझे भांडण आहे ते ‘गॅसच्या गोळी’शी. पँटोप्रॅझोलसारखी गोळी आम्ल कमी करते, जखम भरू देते आणि म्हणून ती आवश्यकच आहे. नाश्त्याच्या अर्धा तास आधी, उपाशीपोटी घ्यायची. परंतु एकट्या तिच्याने जंतू जात नाही, त्यासाठी प्रतिजैविकांचा साधारण १४ दिवसांचा पूर्ण कोर्स लागतो. आईला सहाव्या दिवशी तोंडाला कडू चव आली आणि तिने गोळ्या बाजूला ठेवायचा घाट घातला. अर्धवट औषधाने जंतू निगरगट्ट होतो, हे तिला समजावताना माझी दमछाक झाली. वर्षानुवर्षे मनानेच ही गॅसची गोळी घेत राहणाऱ्यांना मूळ कारण कधी कळतच नाही. हृदयासाठी ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून ती परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. जठरातला व्रण भरला की नाही आणि त्यामागे कर्करोग दडलेला नाही ना, हे पाहावेच लागते. मग पँटोप्रॅझोल दोन आठवडे बंद ठेवून श्वासाची चाचणी केली, कारण ती सुरू असताना जंतू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणू शकते. ‘बरी आहे ना ती, मग कशाला उगाच खर्च?’ असे मामा म्हणाले होते. जंतू गेलेला होता. गुडघे अजून दुखतात. पॅरासिटामॉल आणि मांडीचे व्यायाम चालू आहेत, आणि उरलेली डायक्लोफिनॅकची पट्टी मी कपाटातून काढून टाकली, तेव्हा ती माझ्यावर चिडली होती.