चाव्यांचा जुडगा

आज चर्चमधली उपासना सुटल्यावर शब्बाथ शाळेच्या (म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवायच्या वर्गाच्या) बाईंनी चाव्यांचा जुडगा वेस्ट्रीतल्या (पाळकांच्या खोलीतल्या) टेबलावर ठेवला आणि कुणाशी न बोलता मिरजेची बस धरली. अकरा वर्षं शाळा सांभाळली. त्यावर मंडळीच्या कमिटीतले एक ज्येष्ठ म्हणतात, "विश्वास कमी पडला." डोकंच फिरलं.

अहो, अकरा वर्षांत बाईंच्या कानावर उपासनेतला संदेश किती वेळा पडला ते विचारा. शाळा आणि उपासना एकाच वेळी ठेवली की शिकवणारा मागच्या खोलीत अडकतो. शाळा साडेआठला घ्या, उपासना साडेनऊला. एवढंही जमत नाही?

जुडग्यात सात चाव्या. कपाट, माईक, पेटीची खोली, भांडी, काय काय. एका माणसाकडे दोनच कामं द्या आणि प्रत्येक चावीची जोडचावी दुसऱ्याकडे ठेवा. शिक्षक चार असतील तर दोघांनी दोन रविवार घ्यायचे, पुढचे दोन उरलेल्या दोघांनी. पाचवा रविवार आला की मुलं मोठ्यांबरोबर उपासनेत. यादीत प्रत्येक नावापुढे बदलीचं नावही आधीच लिहा. नाहीतर शनिवारी रात्री अकराला ग्रुपवर "उद्या कोण घेणार?" येतं, सगळे वाचून गप्प, आणि सकाळी पुन्हा बाईच उभ्या. बदलीही आला नाही तर वर्ग बंद ठेवा, खुशाल. त्याशिवाय कमिटीला जाग येत नाही.

नेमतानाच मुदत लिहा, जून ते मे. डिसेंबरात संपवाल तर नवा माणूस कॅरोल आणि नाटुकल्यांतच बुडेल. सोपवायला चार रविवार लागतात: दोन नव्याने नुसतं बघायचं, दोन त्याने घ्यायचे आणि जुन्याने मागे बसायचं, तेही तोंड मिटून. (हे सगळ्यात अवघड.) नाताळनंतर जानेवारीचे पहिले दोन रविवार शाळेला सुट्टी.

पंधरा घरांच्या मंडळीत माणसं आणायची कुठून, हे मान्य. मग कार्यक्रम कमी करा ना!

बायबलात गणना 8 मध्ये लेव्यांनाही, म्हणजे मंडपाची सेवा करणाऱ्या वंशाला, पन्नाशीत सेवेतून मोकळं केलंय, पुढे फक्त भावांना हातभार. निर्गम 18 मध्ये इथ्रो जावयाला, मोशेला, तोंडावर सांगतो, असं करशील तर तूही झिजशील आणि लोकही. हे वाचून आमेन म्हणणारे आपणच.

खरं तर तीन महिने दिसत होतं. बाई उशिरा यायच्या, एरवी कधी आवाज न चढवणाऱ्या, पण पोरांवर खेकसायच्या, चहाला थांबायच्या नाहीत. कुणी विचारलं नाही. संध्याकाळी फोन केला तर म्हणाल्या, "काही नाही हो, झोप येते फक्त."

एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा दूताने आधी भाकर-पाणी दिलं आणि झोपू दिलं. पुढची कामं देवाने नंतर सांगितली, तीही सोबतीला त्याची जागा घेणारा अलीशा देऊन.

कमिटीतले दोघे उद्या बाईंकडे निघालेत म्हणे, जुडगा घेऊन. तो टेबलावरच राहू द्या. डबा घेऊन जा.