पर्यटकांची टिंगल आणि पर्यटकांची कविता

सुट्ट्या लागल्या की पर्यटकांची टर उडवणाऱ्या चारोळ्या फिरायला लागतात. सेल्फी, गॉगल, गर्दी, शेवटी एक यमक, झालं. मला त्या मनापासून खटकतात. लिहिणारा स्वतः कधी फिरायला गेलाच नव्हता अशा थाटात वरून खाली बघत असतो. या विषयावर इतकं सुंदर विनोदी काव्य जगात लिहिलं गेलंय की एवढ्यावर समाधान मानणं मला पटत नाही.

मॅरियट एडगरची 'द लायन अँड अल्बर्ट' (1932) घ्या. इंग्रज नट स्टॅन्ली हॉलोवे ती रंगमंचावर म्हणायचा. रॅम्सबॉटम कुटुंब ब्लॅकपूल या इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या गावी सुट्टीला येतं. समुद्र त्यांना आवडत नाही, कारण लाटा लहान, एकही जहाज फुटलेलं नाही, कुणी बुडालेलंही नाही. मग ते प्राणिसंग्रहालयात जातात. तिथे छोटा अल्बर्ट घोड्याच्या मुंडक्याची मूठ असलेली आपली काठी सिंहाच्या कानात खुपसतो आणि सिंह त्याला गिळतो. मॅनेजर विचारतो, किती घेऊन मिटवाल? बाप म्हणतो, एरवी तुम्ही किती देता?

पैसे मोजून आलोय म्हणजे काहीतरी बघायला मिळालंच पाहिजे, ही आपली सगळ्यांची सुट्टीतली हाव. एडगरने ती फक्त टोकापर्यंत ताणली. आणि सगळं कसं, तर बाजाराचा हिशेब सांगावा तशा सपाट आवाजात, ठेक्यात. तो ठेका कुठेच दचकत नाही. म्हणून तर हसू फुटतं.

माझी सगळ्यात लाडकी मात्र आर्थर ह्यू क्लफची 'आमूर द व्हॉयाज' (1858). पत्रांतून उलगडणारं दीर्घकाव्य. 1849 साली फ्रेंच सैन्य रोमवर चालून आलंय आणि क्लॉड नावाचा इंग्रज पर्यटक मरे या प्रकाशकाचं गाइडबुक हातात घेऊन नेहमीच्या कॅफेत शिरतो. कॉफी मागवतो. वेटर म्हणतो, दूध नाही. लढाई जुंपल्याची खूण त्याला मिळते ती ही! गंमत वृत्तातही आहे. ग्रीक महाकवी होमरने ओळीत सहा गण असलेल्या ज्या वृत्तात (हेक्झामीटर) युद्धं गायली, त्याच वृत्ताच्या इंग्रजी रूपात इथे दुधाची तक्रार येते. पण क्लॉड मूर्ख नाही. आपण नुसते बघे आहोत हे त्याला आतून टोचत असतं. क्लफ स्वतः त्या वेढ्याच्या काळात रोममध्ये होता, आणि ते ओळीओळीत जाणवतं.

इस्रायली कवी येहुदा अमिखाईच्या 'टुरिस्ट्स' या कवितेत कवी जेरुसलेममध्ये दोन जड पिशव्या शेजारी ठेवून पायऱ्यांवर बसलाय. गाइड पर्यटकांना सांगतो, तो पिशव्यांवाला माणूस दिसतोय ना, त्याच्या डोक्याच्या थोडं उजवीकडे रोमन काळातली कमान आहे. जिवंत माणूस कमान शोधायची खूण झाला. कवी मनात म्हणतो, मुक्ती तेव्हाच येईल, जेव्हा गाइड उलटं सांगेल: ती कमान सोडा, तिच्या शेजारी घरच्यांसाठी फळं-भाजी घेऊन बसलेला तो माणूस बघा. इथे हसता हसता माझा घसा दाटून येतो, प्रत्येक वेळी.

कोलटकरांच्या इंग्रजी 'जेजुरी'तली (1976) म्हातारी तर आणखी पुढे जाते. पन्नास पैशांसाठी बाही धरून मागे लागते, पाहुणा वैतागतो, आणि शेवटी तोच तिच्या हातातली चिल्लर होऊन जातो. बघणारा कोण आणि बघितला जाणारा कोण, हे चार पावलांत उलटतं.

मराठी गद्यात पु.लं.नी प्रवासी माणसावर प्रेमाने हसायला शिकवलं. कवितेत असं कुणी केलंय का? म्हणजे गर्दीत स्वतःही उभं राहून. माहीत असेल तर कवीच्या नावासकट इथे जरूर लिहा. नाव गाळून फॉरवर्ड आलेलं नको, कृपया.