राखीव सैनिकांना बोलावणं म्हणजे सक्तीची भरती नव्हे

न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीचा मुलगा नुकताच अठरा वर्षांचा झाला. ग्रीन कार्ड आहे त्याचं. परवा रात्री तिने एक मेसेज पाठवला आणि खाली एवढंच विचारलं, "याला नेतील का रे?" मेसेज म्हणतो: जुलै २०२३ मध्ये बायडेन यांनी एका सहीने सक्तीची सैन्यभरती सुरू केली, आता अमेरिकेचा अध्यक्ष तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, न विचारता कुणालाही, कितीही काळ युद्धावर धाडू शकतो. हा मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय, म्हणून उत्तर इथेच देतो.

"सक्तीची भरती सुरू झाली."

साफ चूक. १३ जुलै २०२३ चा आदेश युरोपातल्या 'अटलांटिक रिझॉल्व्ह' मोहिमेसाठी होता. जास्तीत जास्त ३,००० राखीव सैनिक, त्यांत 'इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह'मधले, म्हणजे नोकरी संपवून घरी गेलेले पण नाव अजून यादीत असलेले, फार तर ४५०. सगळे आपणहून सैन्यात गेलेले. सक्तीची भरती १९७३ मध्येच थांबली. ती परत आणायला काँग्रेसला कायदा करावा लागेल. अठराव्या वर्षी मुलग्यांची सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडे, म्हणजे कधी सक्तीची भरती झालीच तर त्यासाठी नावं ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, नोंद होते, ग्रीन कार्डवाल्यांचीही. पण नोंद म्हणजे बोलावणं नव्हे.

"कुणालाही, कितीही काळ."

बायडेन यांनी वापरलेल्या कलमात मर्यादा स्पष्ट आहेत: एका वेळी २ लाख राखीव सैनिक, ३६५ दिवस. हा अधिकार पहिल्यांदा वापरला थोरल्या बुश यांनी, ऑगस्ट १९९० मध्ये, इराकने कुवेत गिळल्यावर. राष्ट्रीय आणीबाणी असेल तर दुसरं कलम लागू होतं: १० लाखांपर्यंत, सलग २४ महिने. ते सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तीनच दिवसांत वापरलं गेलं.

"काँग्रेसला न विचारता."

यात तथ्य आहे, ते नाकारणार नाही. पहिल्या कलमाला आधी मंजुरी लागत नाही, २४ तासांत काँग्रेसला कारणासह कळवलं की झालं. आणीबाणीही अध्यक्ष स्वतःच जाहीर करू शकतो. या अधिकारावर जरूर वाद घाला. मात्र सगळंच्या सगळं राखीव दल युद्ध संपेपर्यंत उभं करायचं, तर गोष्ट काँग्रेसपर्यंत जावीच लागते.

मला वाईट वाटतं ते त्या ४५० जणांचं, ज्यांच्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. अमेरिकी सैन्यात पहिल्यांदा भरती होताना जो करार होतो, त्यात एकूण आठ वर्षांची बांधिलकी छापलेली असते. चार वर्षं नोकरी करून पोरगा घरी येतो, गणवेश कपाटात जातो, लग्न होतं, नोकरी लागते. ना कवायत, ना युनिट. तरी उरलेली चार वर्षं त्याचं नाव त्या 'इंडिव्हिज्युअल रेडी रिझर्व्ह'च्या यादीत असतं, आणि एक दिवस पत्र येऊ शकतं.

बहिणीला तेच लिहिलं: त्याला कुणी न्यायला येणार नाही. पण कॉलेजची फी भागेल म्हणून उद्या तो स्वतःच भरती व्हायला निघाला, तर सही करण्याआधी त्या आठ वर्षांच्या ओळीवर बोट ठेवून त्याला ती वाचायला लाव.