रॅक ढिला होता

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण पूल, म्हणजे बिलियर्डच्या जातीचा टेबलावरचा खेळ, खेळणाऱ्यांना लावायला फार सोयीची आहे. अडचण एवढीच की इथं अंगण खरोखर वाकडं असतं. म्हापसा घ्या, मडगाव घ्या, कळंगुटच्या रस्त्यावरचा कुठलाही बार घ्या. रॅकवर, म्हणजे त्रिकोणात मांडलेल्या पंधरा बॉलांवर, ब्रेक म्हणजे पहिला फटका मारल्यावर तीन बॉल इकडे गेले, दोन तिकडे गेले आणि उरलेले दहा ग्रामसभा भरल्यासारखे जागच्या जागी उभे राहिले, की ब्रेक मारणारा क्यू, म्हणजे खेळायची काठी, टेकवून म्हणतो, "रॅक ढिला होता." कोंकणीत म्हणाला तर "ढिलो आशिल्लो." दोन्ही भाषांत दोष रॅक लावणाऱ्याचा. आणि माझं दुखणं हे की निम्म्या वेळा तो खरं बोलत असतो.

रॅक लावणं हे पंगतीतल्या वाढप्याचं काम आहे. सगळं नीट झालं तर जेवणाऱ्याची भूक चांगली, बिघडलं तर वाढप्याचा हात आखडता. त्यात बऱ्याच ठिकाणी हरलेल्याने लावायचा, अशी रीत. म्हणजे आधी हरायचं, मग वाकायचं, मग जिंकलेल्याकडून ऐकून घ्यायचं.

कॅरमवर वाढलेल्या आपल्या लोकांना यात एवढं काय, असं वाटतं. राणी मध्ये, भोवती नऊ पांढऱ्या आणि नऊ काळ्या, दोन्ही तळव्यांनी गोल दाबलं की झालं. पण सोंगटी चपटी असते, बसली की बसली. बॉलला बसणं माहीतच नाही. तो कापडाला एका ठिपक्यावर टेकतो आणि शेजाऱ्यालाही एकाच ठिपक्यावर. पंधरा बॉलांच्या त्रिकोणात शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या भेटीचे असे तीस ठिपके होतात. तीसच्या तीस एका वेळी जुळणं म्हणजे हाउसिंग सोसायटीच्या बैठकीत एकमत होणं.

त्यातला एखादा सुटला तर काय बिघडतं? समोरचा, म्हणजे त्रिकोणाच्या टोकाचा बॉल उजव्या शेजाऱ्याला चिकटलेला आहे आणि डाव्याशी केसभर फट आहे, असं धरा. क्यूने मारलेला पांढरा बॉल येऊन आदळला की धक्का उजवीकडे लगेच पोचतो, डावीकडे उशिरा, तोही वाकड्या कोनात. त्या एवढ्याशा उशिरात पुढची सगळी देवाणघेवाण फिसकटते. मागचे बॉल हलायला लागेपर्यंत पुढच्यांचा जोर संपलेला असतो. एट-बॉल या प्रकारात ब्रेकला एकही बॉल पॉकेटात, म्हणजे कडेच्या भोकात गेला नाही, तर निदान चार बॉल तरी कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला लागावे लागतात. ढिल्या रॅकवर तिसऱ्यानंतर मोजणी अडते आणि सगळे पुन्हा वाढप्याकडे बघतात.

बॉल ज्यात मांडतात तो लाकडी किंवा प्लास्टिकचा त्रिकोणी साचा, म्हणजे ट्रँगल, हे तीस ठिपके जुळवायला पुरत नाही, कारण तो बॉलांपेक्षा थोडा मोठाच असतो. बोटं मागच्या ओळीमागे घालून पाचही बॉल पुढे रेटायचे, बोटं काढायची आणि मग ट्रँगल असा उचलायचा की तो कुणालाच लागता कामा नये. यातली शेवटची पायरी माणसाच्या हाताला जमत नाही. ट्रँगल उचलताना मागची पट्टी मधल्या बॉलला हळूच धक्का देते आणि कमावलेलं सगळं जातं. गोव्यात त्यावर पावसाळा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या प्रदेशात लाकडी ट्रँगल जूनमध्ये फुगतो, सांध्यात उघडतो आणि ऑक्टोबरपर्यंत त्याचा चौथा कोन दिसू लागतो. कापडही दमट होऊन जड पडतं.

कापडाचं दुखणं तर वेगळंच. समोरचा बॉल रोज त्याच फूट स्पॉटवर, म्हणजे त्याच्या ठरलेल्या खुणेवर, मार खातो, त्यामुळे तिथं बारीक खड्डा पडतो. खड्डा झाकायला कुणी काळी टिकली चिकटवतं. ती झिजते, तिची एक कड उचलली जाते, आणि मग समोरचा बॉल टिकलीवरून आपणहून अर्धा मिलिमीटर घसरतो. त्याला पुन्हा वर सारलं की पुन्हा घसरतो. हट्टी पोरासारखा.

या सगळ्यावरचा इलाज म्हणजे भोकं पाडलेलं एक पातळ प्लास्टिक. नाव टेम्प्लेट, जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, आणि पाहणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया "हे कशाचं वेष्टन आहे?" तत्त्व इतकं साधं की राग यावा. बॉलचा तळ भोकात उतरून कापडाला टेकतो आणि भोकाची कड त्याला घरंगळू देत नाही. शिवाय भोकांमधलं अंतर बॉलच्या व्यासाहून केसभर कमी ठेवलेलं असतं. त्यामुळे प्रत्येक बॉल आपापल्या भोकाच्या मधोमध बसायला बघतो, तिथं सगळ्यांना जागा पुरत नाही, आणि सगळे एकमेकांना खेटून उभे राहतात. चवथीच्या आदल्या दिवशी मडगावच्या बसमध्ये हेच होतं. तिथं उचलायला ट्रँगल नसतो, म्हणून कुणी हलत नाही.

वापरायचं कसं, तेही सांगतो, कारण लोक इथंच घाई करतात. आधी फूट स्पॉटचा भाग ब्रशने सरळ रेषेत झाडून घ्या. गोल गोल फिरवलात तर क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकची भुकटी जागा बदलते, जात नाही. टिकलीची कड सुटलेली असेल तर ती काढून टाका. टेम्प्लेट पसरून तळव्याने खालची हवा घालवा. टोकाचं भोक नेमकं स्पॉटवर यायला हवं, आणि मधली रेघ समोरच्या आखूड कुशनच्या मधल्या डायमंडकडे, म्हणजे कडेवरच्या मधल्या खुणेकडे. मग टोकाकडून मागे एकेक बॉल ठेवा. ठेवा म्हणतोय, सोडा नाही. एट-बॉलला आठ नंबर तिसऱ्या ओळीच्या मध्यात, मागच्या दोन कोपऱ्यांत एक सॉलिड (एकरंगी) आणि एक स्ट्राइप (पट्ट्याचा). सगळे बसले की मागून दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच पुढे दाबा आणि हात सावकाश काढा. झटक्याने काढलेला हात बॉलला सोबत घेऊन येतो.

आता डोळा टेबलाच्या पातळीवर आणा आणि पलीकडे मोबाइलचा उजेड धरा. जिथं उजेडाची चीर दिसेल तिथं फट. समोरचा बॉल आणि त्याच्या मागचे दोन, या तिघांमध्ये चीर दिसली तर रॅक पुन्हा लावायचा, चर्चा नको. मागच्या ओळीत एखादी दिसली तर मी बॉलांची अदलाबदल करतो, किंवा तोच बॉल थोडा फिरवून बघतो. बऱ्याचदा फट तेवढ्याने मिटते.

न मिटली तर दोष बॉलांचा. पूलचा बॉल ५७.१५ मि.मी. व्यासाचा, आणि नियमाने त्यात ०.१२७ मि.मी. इकडे-तिकडे चालतं. म्हणजे नव्या सेटमध्येही दोन बॉलांत कायदेशीररीत्या पाव मिलिमीटरचा फरक असू शकतो. बेल्जियमच्या सालुक कंपनीचे अरामिथ बॉल हा फरक बराच कमी ठेवतात, पण बारमध्ये ज्याला सेट म्हणतात तो बहुधा तीन सेटांचं एकत्र कुटुंब असतो. हरवलेल्या सातच्या जागी आलेला सात इतरांहून तरुण आणि जाड. ओळखायची रीत सोपी आहे. संशयित बॉल मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना एकेक बॉल लावा आणि वर स्टीलची फूटपट्टी आडवी ठेवा. पट्टी डुलली तर मधला मोठा, मधल्यावर उजेड दिसला तर मधला छोटा. असा बॉल मागच्या कोपऱ्यात पाठवायचा, तिथं त्याला दोनच शेजारी असतात. आठच्या जागी त्याला सहा शेजारी मिळतील आणि तो सहाही जणांशी भांडेल.

बॉल आधी धुवायलाही हवेत. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. रवा लावून तळलेलं इसवण, म्हणजे सुरमई, खात खात ज्याने रॅक लावला, त्याच्या बॉलांवर चॉक आणि तेल मिळून जे बसतं त्याला साफसफाईच्या भाषेत नाव नाही.

बाजारातला टेम्प्लेट मिळत नसेल तर घरी करता येतो, आणि यातलं गणित मला ब्रेकपेक्षा जास्त आवडतं. पाच बॉल एका सरळ पट्टीला चिकटवून ओळीत लावा, एकूण लांबी मोजा, पाचाने भागा. आपल्या बॉलांचा खरा व्यास मिळाला. त्यातून ०.१५ मि.मी. वजा करा. नव्या बॉलांना उत्तर बरोब्बर ५७ येतं, म्हणजे फूटपट्टीवर मोजता येणारा आकडा. भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत ५७, दोन ओळींमध्ये साधारण ४९.४. पूर्ण त्रिकोण २२८ बाय १९७.५ मि.मी. ए-फोर म्हणजे २९७ बाय २१०. मावतो, पण जेमतेम. स्टेशनरीच्या दुकानातली पारदर्शक ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) शीट याला चांगली. मात्र आकृती संगणकावर काढून छापताना "पानाला बसवा" हा पर्याय चालू राहिला तर सगळा त्रिकोण गुपचूप आक्रसतो. म्हणून भोकं पाडण्याआधी छापलेलं २२८ पट्टीने मोजून घ्या.

भोक ५ मि.मी.चं. ०.१ मि.मी. जाडीच्या शीटला हा आकडा हिशेबातूनच येतो. त्या उंचीवर बॉलच्या तळाची रुंदी ४.८ मि.मी. भरते. ६ मि.मी.चं भोक केलंत तर बॉल आत हिंडतो, ४ चं केलंत तर तो कापडाला न टेकता कडेवर बसून राहतो. भोक चांभाराच्या पंचाने पाडायचं, खाली लाकूड ठेवून, हातोडीच्या एका घावात. तापवलेल्या खिळ्याचा मोह होईल. त्याने भोकाभोवती वितळलेल्या प्लास्टिकची जी वरंडी उठते ती शीटच्या जाडीहून उंच होते, आणि मग बॉल खड्ड्यात न बसता विहिरीच्या काठावर बसतो. शेवटी बाहेरून कापताना मागच्या एका कोपऱ्याशी, शीटच्या लांबीच्या दिशेला, एक शेपटी सोडा. ती ओढायला लागते.

एक जुना, रानटी मार्गही आहे. बॉल जागेवर ठेवून वरून दुसऱ्या बॉलने ठोकायचा, म्हणजे कापडात कायमचा खळगा पडतो. नव्या कापडावर, एकाच टेम्प्लेटने, मालकाच्या हातून हे झालं तर ठीक. दुसऱ्याच्या टेबलावर ठोकाठोकी केली तर बिल टेबलाच्या भाड्यात बसत नाही. जागतिक पूल-बिलियर्ड संघटनेचे नियमही ठोकण्यापेक्षा ब्रशने कापड सारखं करणं बरं, असंच सुचवतात.

आता तक्रार. रॅक इतका चोख लागायला लागला की नाइन-बॉल या नऊ बॉलांच्या प्रकारात कडेचा बॉल ब्रेकगणिक मुकाट कोपऱ्याच्या पॉकेटात जाऊ लागला. लोकांनी जोर लावणंच सोडलं आणि हळू, मोजून मारायला लागले. मग मोठ्या स्पर्धांत उलटे उपाय निघाले: स्पॉटवर एक नंबरच्या बॉलऐवजी नऊ नंबरचा ठेवायचा, ब्रेक ठरलेल्या चौकटीतूनच मारायचा. आधी रॅक सैल म्हणून रडायचं, मग घट्ट म्हणून. ब्रेक मारणाऱ्याच्या तोंडून "छान लावलास रे" मात्र कुठल्याच काळात आलेलं नाही.

ब्रेकनंतर प्लास्टिकवर बॉल नसेल तर ते लगेच ओढून घ्यायचं. बॉल त्यावर थांबला असेल तर तो हलेपर्यंत राहू द्यायचं, किंवा जागेची खूण करून, दोघांच्या संमतीने उचलून काढायचं. उगाच राहू दिलं तर हळू येणारा बॉल त्याच्या कडेवर किंचित उसळतो आणि वाट बदलतो. म्हणजे नवा वाद, आणि यात रॅक लावणारा पुन्हा हजर.

ठेवायचं सपाट, जाड वहीत. गुंडाळी केलीत तर पावसाळ्यात ते वळलेलंच राहतं आणि टेबलावर टाकल्यावर दोन्ही टोकं वर करून नमस्कार करतं. पण त्याचा खरा शत्रू दमटपणा नव्हे. त्याचा खरा शत्रू सकाळी साडेसात वाजता झाडू घेऊन येतो. भोकं पडलेलं, चॉक लागलेलं, चिप्सच्या पाकिटाशेजारी पडलेलं पारदर्शक प्लास्टिक कुणी ठेवून घेईल का? म्हणून शेपटीवर, वरच्या बाजूने, न पुसल्या जाणाऱ्या मार्करने ठळक लिहून ठेवा: हा कचरा नव्हे. शाई पूर्ण वाळेपर्यंत मात्र टेबलावर पालथं टाकू नका, नाहीतर तेच वाक्य उलट्या अक्षरांत कापडावर उमटेल.